खुर्चीचे हात आणि वर्गातला बाक

या स्मरणिकेत शिक्षकांच्या आठवणी असतील, सहलींचे फोटो असतील, कोण कुठे पोहोचले याच्या नोंदी असतील. या लेखाचा विषय मात्र शाळेतले लाकूडसामान आहे. आपल्या वर्गात बसायच्या जागा दोन प्रकारच्या होत्या. फळ्यापुढे एक खुर्ची असे आणि तिला हात असत. समोर बाक असत, त्यांना हात नसत. खुर्चीवर एकच व्यक्ती बसे. बाकावर दोघे बसत, तिसरा आला तर सरकून त्यालाही घेत, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की चौथाही कडेला टेकत असे. हे इतकी वर्षे रोज पाहिले की त्यात पाहण्यासारखे काही आहे असे आपल्याला वाटलेच नाही.

खुर्चीचे हात कोपराला आधार देतात हे खरे, पण ते आणखी एक काम करतात. ते हद्द आखतात. ही जागा एकाची आणि ती इथपासून इथपर्यंत, असे ते सांगतात. बाकाला अशी आखलेली हद्द नसते. ती शेजारी बसणाऱ्यांनी आपसांत ठरवायची असते. जगभरच्या दरबारांनी आणि कचेऱ्यांनी या फरकाचा मानपानासाठी भरपूर उपयोग केला. आपल्या मुलखात तर हात नसलेल्या साध्या बाकावर सर्वांच्या शेजारी बसायला मिळावे, एवढ्यासाठी पाऊणशे वर्षांहून अधिक काळ झगडा चालला. म्हणून हा इतिहास शाळेच्या स्मरणिकेतच शोभतो.

सुरुवात युरोपापासून करू, कारण आपली वर्गातली खुर्ची आणि बाक ही जोडी तिकडून आली. मध्ययुगातल्या युरोपीय घरांत बहुतेक माणसे बाकांवर, स्टुलांवर किंवा सामानाच्या पेट्यांवर बसत. पाठ आणि हात असलेली खुर्ची घराच्या धन्याची. सभेच्या अध्यक्षाला इंग्रजीत 'चेअरमन' म्हणतात, त्यामागे हीच व्यवस्था आहे. बिशपच्या आसनाला लॅटिनमध्ये 'कॅथेड्रा' म्हणत. ते ज्या चर्चमध्ये असे ते कॅथेड्रल झाले. विद्यापीठातल्या प्राध्यापकपदालाही इंग्रजीत 'चेअर' म्हणतात, आणि आपण त्याला 'अध्यासन' म्हणतो. म्हणजे शिकवणारा खुर्चीवर आणि ऐकणारे बाकांवर ही मांडणी आपल्या वर्गाहून कितीतरी जुनी आहे.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात तर बसण्याचे शास्त्रच झाले होते. हातांची खुर्ची राजा आणि राणीसाठी. त्याखालच्या मानकऱ्यांना पाठ असलेली पण बिनहाताची खुर्ची. त्याखाली 'ताबुरे' नावाचे गादीचे स्टूल, ना पाठ, ना हात. राजाराणीसमोर त्या स्टुलावर बसण्याचा हक्क डचेसना होता आणि त्यासाठी घराणी आयुष्यभर धडपडत. उरलेल्यांनी उभे राहायचे. कोण किती मोठा हे त्याच्या कपड्यांवरून कळले नाही, तरी तो कशावर बसला आहे यावरून कळत असे.

आपल्याकडे खुर्ची ही मुळात परकी वस्तू. शब्दही अरबी 'कुर्सी'चा, फारसीच्या वाटेने आलेला. 'बाक'सुद्धा पोर्तुगीज 'बांको'चा नातेवाईक आहे. कोकणीत आजही 'बांक' म्हणतात. त्याआधी आपण जमिनीवर बसत होतो, पाटावर, घोंगडीवर, सतरंजीवर. पण जमिनीवर बसले म्हणजे सगळे सारखे, असे मात्र कुणी समजू नये. दिवाणखान्यातल्या बैठकीत भिंतीकडे गादी, मागे लोड आणि कोपराखाली तक्क्या. तक्क्या म्हणजे आपला खुर्चीचा हातच. तो कर्त्या माणसाला मिळे, बाकीचे सतरंजीवर मांडी घालून बसत. राज्य मिळणे यालाच 'गादीवर बसणे' म्हणत.

मोगल दरबारात बादशहासमोर बसायचेच नसे. तिथे मान ठरे तो कुठल्या रांगेत उभे केले यावरून. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले आणि भर दरबारात त्यांचा संताप उसळला, हे आपण चौथीच्या इतिहासात वाचले. त्यानंतर आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर सिंहासन झाले. आसन आणि स्वाभिमान यांचा संबंध मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजांनी मोगलांचा हा धडा खुर्चीवर गिरवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानात, विशेषतः पंजाबात, 'कुर्सीनशीन' लोकांच्या याद्या सरकारदरबारी ठेवल्या जात. गोऱ्या अधिकाऱ्याला भेटायला गेल्यावर ज्याला खुर्ची द्यायची, तो कुर्सीनशीन. तशी प्रमाणपत्रेही दिली जात आणि लोक ती जपून ठेवत. ज्याचे नाव यादीत नसेल त्याने उभ्याने बोलायचे. इंग्रज गेले, पण कचेरीतली शिडी मागे राहिली. साहेबाची खुर्ची हातांची, पाठीवर टॉवेल टाकलेली, कारकुनाची बिनहाताची, शिपायाला दाराबाहेर स्टूल, आणि काम घेऊन आलेल्या माणसांसाठी व्हरांड्यात एक लांब बाकडे. आपल्यातले अनेक जण या शिडीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर नोकरी करून निवृत्त झाले, त्यामुळे अधिक सांगायला नको.

आता शाळेकडे येऊ. पंतोजींच्या जुन्या शाळेत बाक नव्हते. पंतोजी जरा उंचावर बसत, मुले खाली, पुढ्यात धूळपाटी. मोठी मुले लहानांकडून गिरवून घेत. दक्षिणेत अशाच प्रकारे वाळूत अक्षरे काढणारी मुले अँड्र्यू बेल या पाद्र्याने पाहिली. १७८९ मध्ये तो मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा प्रमुख झाला होता. त्याने तीच रीत आपल्या शाळेत आणली आणि १७९७ मध्ये त्यावर इंग्लंडात पुस्तक काढले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने गरीब मुलांसाठी प्रचंड शाळा चालवली. एक शिक्षक, शेकडो मुले, लांबच लांब बाकांच्या रांगा आणि प्रत्येक रांगेवर एक मोठा मुलगा देखरेखीला. त्या मुलाला 'मॉनिटर' म्हणत. आपल्या वर्गात गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर हा त्याचा वंशज. म्हणजे ज्या पद्धतीचे एक मूळ आपल्या वाळूत होते, तीच पद्धत बाकांसह आपल्याकडे परत आली.

या पद्धतीत बाकावरची जागा कायमची नसे. उत्तर बरोबर आले की मुलगा वर सरके, चुकले की खाली. नंबराप्रमाणे बसण्याची ही रीत आपल्या शाळांतही रुजली. आपल्या आजोबांच्या पिढीला ती पक्की आठवत असे. तत्त्व म्हणून ती क्रांतिकारक होती. जागा जन्मावरून नव्हे, उत्तरावरून ठरणार होती. पण इथे येताच त्या तत्त्वाची गाठ जातीशी पडली.

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाने दाद मागितली. मुंबई सरकारने उत्तर दिले, त्याचा सारांश असा, की न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे. पण एकट्यासाठी त्याला इतर मुलांत बसवले तर बाकीची शाळा सोडून जातील आणि शाळा निरुपयोगी ठरेल. न्याय मान्य, पण जागा नाही. हे प्रकरण वरपर्यंत गाजले. १८५८ मध्ये सरकारने जाहीर केले की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. मात्र ज्या शाळांना लोकवर्गणीचा हातभार होता आणि वर्गणीदारांची हरकत होती, तिथे सक्ती करण्याचा सरकारचा विचार नव्हता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालवल्या. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात या मुलांच्या शिक्षणातल्या अडचणीचे कारण अगदी मोजक्या शब्दांत आहे. उच्च जातींच्या मुलांशेजारी त्यांना बसू दिले जात नाही, म्हणून शाळा त्यांना प्रत्यक्षात बंदच आहेत, असे त्यांनी मांडले. फी, पुस्तके, शिक्षकांचा पगार, अभ्यासक्रम या सगळ्यांवर जोतीराव त्या निवेदनात बोलले आहेत. पण या मुलांपुरती अडचण त्यांनी नेमकी बसण्याच्या जागेत दाखवली.

त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकर दाखल झाले. आपल्या राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत प्रवेश होता, जागा मात्र नव्हती. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की वर्गात नंबराप्रमाणे इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. एका कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. यातला 'नंबराप्रमाणे' हा तपशील वाचताना थांबायला होते. त्या मुलाला आपला नंबर माहीत होता. त्या नंबराची जागा बाकावर कुठे आहे तेही समोर दिसत होते. उत्तरावरून जागा ठरवणारी पद्धत त्याच्यापाशी येऊन थांबत होती.

परिस्थिती बदलली ती एकेका हुकमाने आणि एकेका माणसाच्या हट्टाने. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत, भेदभाव न करता घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा ही तोवर सोय मानली जात होती. शेजारी बसण्याचा प्रश्न तिने टाळला होता, तो महाराजांनी सरळ सोडवायला घेतला. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळा, कचेऱ्या, दवाखानेही अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. शेवटी १९५० मध्ये राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच रद्द झाली. धारवाडच्या मुलाच्या अर्जापासून इथवर चौऱ्याण्णव वर्षे लागली.

आपण शाळेत गेलो तेव्हा हे सगळे घडून गेले होते. हजेरीपटाच्या क्रमाने किंवा उंचीप्रमाणे आपल्याला बाक मिळाले, आणि शेजारी कोण येणार हे बाईंनी ठरवले. तरीही बाक आपोआप समता शिकवतो, असे म्हणणे खोटे ठरेल. मुलींचे बाक वेगळे असत. मागचे बाक 'ढ' मुलांचे म्हणून ठरून जात आणि मग ती मुले तशीच वागू लागत. डबा उघडल्यावर कोण कुणाजवळ सरके आणि कोण एकटा राहत असे, याची नोंद कुठल्याही हुकमात सापडत नाही. ती आपल्यातल्या काही जणांच्या आठवणीत असणार. या स्नेहमेळाव्यात ती कुणी बोलून दाखवली, तर ऐकून घ्यावी.

बाकाने आपल्याला एक गोष्ट मात्र नक्की शिकवली, जागेची बोलणी करायला. बाकाच्या मधोमध खडूने किंवा करकटकाने ओढलेली रेघ सर्वांना आठवत असेल. कोपर पलीकडे गेले की पट्टीचा फटका. ती रेघ म्हणजे आपण स्वतःच बसवलेला खुर्चीचा हात. पण भांडण मिटले की रेघ पुसली जाई, निदान तिच्याकडे दुर्लक्ष होई. लाकडी हात असा पुसता येत नाही. हीच तालीम पुढे मुंबईच्या लोकलमध्ये कामाला आली. तिघांच्या बाकावर चौथा येऊन उभा राहतो, काही न बोलता हाताने खूण करतो, आणि तिघे कुरकुरत का होईना सरकतात. या अर्ध्यामुर्ध्या जागेला 'फोर्थ सीट' म्हणतात. तिच्यासाठी रेल्वेने नियम केलेला नाही. मध्ये हात नाहीत, एवढ्यावर ती टिकून आहे. उलट नाट्यगृहात पाहा. दोन खुर्च्यांमध्ये एकच हात आणि त्याला मालक दोन. तीन अंकांचे नाटक संपेपर्यंत अनोळखी कोपरांचे मूक युद्ध चालते.

हातांची खुर्ची आपल्याला पहिल्यांदा मिळाली ती बहुधा कॉलेजात, उजव्या हाताला लिहायची फळी जोडलेली. अशा फळीच्या खुर्च्या अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस होत्या. स्वतंत्र जागा मिळाली म्हणून आपण खूश झालो, पण डावखुऱ्या मित्रांना विचारा. फळी उजवीकडेच असल्यामुळे त्यांना सगळे अंग वळवून परीक्षा लिहावी लागे. सर्वांसाठी एकच ठरवून दिलेली हद्द कुणाला तरी नेहमीच गैरसोयीची पडते.

अलीकडे शहरांतल्या सार्वजनिक बाकांनाही मध्ये मध्ये लोखंडी हात दिसू लागले आहेत. बसणाऱ्याला आधार मिळतो हे एक कारण, आणि बेघर माणसाला आडवे होता येऊ नये हे दुसरे. लंडनच्या कॅम्डन भागात २०१२ मध्ये बसवलेला काँक्रीटचा बाक याच हेतूसाठी जगभर चर्चेत आला. त्याला हात नाहीत, पण त्याचा पृष्ठभाग असा उतरता आणि तुटक कोनांचा आहे की त्यावर झोपणे अवघड जाते. झाडाचा पार, घराचा ओटा, गोव्यातल्या घरांच्या दारातले समोरासमोरचे सोपे यांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. पारावरही सगळ्यांना सारखी जागा नव्हती हे खरे. पण आलेल्या माणसाला सरकून जागा देता येईल, अशी त्याची घडण तरी होती.

एवढे सगळे म्हटल्यावर खुर्चीच्या हातांची बाजूही सांगायला हवी, कारण आता आपलीही वये झाली. खुर्चीवरून उठताना हातांवर भार टाकला की गुडघ्यांवरचा ताण हलका होतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना बिनहाताच्या स्टुलावरून किंवा खोल सोफ्यातून उठणे म्हणजे परीक्षाच. घरात वडीलधाऱ्यांसाठी खुर्ची घेताना नक्षी पाहू नये. हात भक्कम आहेत का आणि कोपर सहज टेकेल एवढ्या उंचीवर आहेत का, हे पाहावे. दरबारात जो हात मान दाखवत असे, तोच म्हातारपणी आधार देतो. म्हणून तो कुणाला द्यायचा हे गरज पाहून ठरवावे.

तेव्हा मेळाव्याच्या संयोजकांना एक विनंती. मंचावरच्या पाहुण्यांना कसल्याही खुर्च्या चालतील. हातांच्या खुर्च्या आधी आपल्या शिक्षकांना द्या, आणि मग आपल्यातल्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांना. बाकीच्यांनी जुन्या वर्गात जाऊन बाकांवर बसावे. दोघांच्या बाकावर तिघे मावायचे, आता दोघेही कसेबसे मावतील. तरी उशिरा येणाऱ्याने दारात उभे राहू नये. सरळ आत येऊन "सरक" म्हणावे.